हप्त्याहप्त्याने आलेला ऑटोमॅटिक

गोंदियात ट्रकचा धंदा करणारं कोणी माझ्याकडे येऊन "मिस्त्री, ऑटोमॅटिक बसवून द्या" असं कधी म्हणालेलं नाही. इथलं मागणं साधं असतं. दिवाळीनंतर धान बाजारात उतरलं, मिली सुरू झाल्या, की मालक एवढंच विचारतात, "गाडी रायपूरला जाऊन येईल ना?" येईल म्हटलं की ते निघाले. तरी गिअरबॉक्स उघडण्या-जोडण्यात उमर गेल्यावर मला असं दिसतं, की ऑटोमॅटिक आमच्याकडेही आलाच. तो एकदम आला नाही, हप्त्याहप्त्याने आला. एकेक पुर्जा येत गेला आणि ड्रायव्हरच्या अंगातलं एकेक काम उचलून घेत गेला. जाता जाता बिघाडाची जागाही थोडी थोडी सरकवत गेला.

मी या कामात शिरलो तेव्हा फुलचूरकडच्या गॅरेजांत बहुतेक गाड्या टाटाच्या 'बारा-दस'. आकडा समजला की गाडी समजायची. १२१० म्हणजे १२ टन एकूण वजन आणि १०० अश्वशक्ती. पुढे १६१२, १६१३, २५१५ आल्या, हिशेब तोच. टाटांच्या टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार करून १९५४ साली जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. तो करार १९६९ साली संपला, तरी आमचे उस्ताद शेवटपर्यंत गाडीला 'मर्सिडीज'च म्हणत आणि तिच्या बॉक्सला हात लावण्याआधी आपले हात धुऊन घेत. काम झाल्यावर हात सगळेच धुतात. कामाआधी धुणारा माणूस मी तो एकच पाहिला. त्यांचं म्हणणं, बाहेरची रेती आत गेली तर दोष गिअरचा नसतो.

त्या जुन्या बॉक्सला सिंक्रो नव्हते. गिअर बदलायचा म्हणजे डबल क्लच मारायचा. क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा, क्लच सोडा. वरचा गिअर टाकायचा असेल तर इंजिनचा आवाज जरा बसू द्या, खालचा टाकायचा असेल तर अ‍ॅक्सिलरेटरवर एक ठोका देऊन इंजिन चढवा, मग पुन्हा क्लच दाबून गिअर टाका. आत फिरणाऱ्या दोन भागांचा वेग जुळल्याशिवाय दातांत दात जात नाहीत, म्हणून हा सगळा खटाटोप. वेग जुळला की नाही हे सांगणारा काटा गाडीत नव्हता. तो ड्रायव्हरच्या कानात असे. कोहमारा सोडून देवरीकडे जाताना मासुलकसाचा घाट लागतो. सह्याद्रीतला माणूस त्याला घाट म्हणणार नाही, पण तांदळाच्या कट्ट्यांनी भरलेल्या गाडीला तिथे खालचा गिअर वेळेवर पडला नाही तर गाडी उभी राहते, आणि क्लीनर लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाकडे धावतो. चांगला ड्रायव्हर कोण, हे त्या चढावर कळायचं. नुसता आवाज ऐकून गिअर टाकणारे आणि चढत्या गाडीत कट्ट्यांवर निजलेल्या हमालाला जाग येऊ न देणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत.

दुरुस्तीही कानानेच व्हायची. उस्ताद लांब पेचकसाचं टोक बॉक्सच्या अंगाला टेकवत आणि मूठ कानाला लावत. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर क्लच शाफ्टचं किंवा ले शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच ओरड सुरू होते, तर रिलीज बेअरिंग नाहीतर फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग. एकाच गिअरमध्ये टकटक येते, तर त्या गिअरचा दात. अर्धं निदान गाडीखाली न शिरता होत असे. बॉक्स उतरवायला चेन ब्लॉक, दोन माणसं आणि एक सकाळ लागते, त्यामुळे उतरवण्याआधी ऐकणं स्वस्त पडायचं.

एक खोड मात्र कानाला कळत नसे. उताराला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची. डिझेल वाचतं म्हणून घाटाच्या खालच्या अंगाला सगळे ड्रायव्हर हेच करायचे, काही अजूनही करतात. अशा वेळी मागची चाकं मेन शाफ्टला जोरात फिरवतात आणि इंजिन मात्र आपल्या जागी मंद गतीत असतं. बॉक्समधलं तेल उडवून वरच्या गिअरांना भिजवण्याचं काम ले शाफ्टचं, आणि तो इंजिनाच्या गतीने फिरतो. वरचे भाग धावतात, खालून तेल येत नाही. उताराच्या तळाशी पोचेपर्यंत बुश निळे पडलेले असतात. ब्रेक तापतात ते वेगळंच. लिटरभर डिझेल वाचवून आलेल्या गाडीचा मेन शाफ्ट बदलायचा, हे मालकाला समजावणं बॉक्स जोडण्यापेक्षा अवघड.

आता त्या गाडीकडे येतो, जिच्यावर मी सगळ्यात जास्त हात चालवला. गोरेगाव रस्त्याच्या एका मिलवाल्या सेठने घेतलेली जुनी १६१२. आधीच्या कोण्या मालकाने तिच्यात मोडीत निघालेल्या बारा-दसचा बॉक्स बसवलेला. इंजिन टाटाचं '६९७', बिनटर्बोचं. उन्हाळ्यात कधीतरी तिचा ब्लॉक तडकला. सेठने रायपूरच्या टाटीबंधला जाऊन अपघातात गेलेल्या एका सोला-तेराचं इंजिन उचलून आणलं. हे इंजिन कमिन्सचं, ६ सिलिंडर, ५.९ लिटर, टर्बोवालं. टाटा आणि कमिन्स यांनी १९९३ साली भागी करून जमशेदपूरला कारखाना काढला, तिथून आलेलं. मी सेठला एवढंच सांगितलं की आधी आरटीओचा कागद करा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, इंजिन बदललं की नोंद बदलते. कागद झाला, इंजिन बसलं. सेठचं समाधान मात्र तेवढ्यावर झालं नाही. त्याने नागपूरहून पंपवाला आणून डिझेल पंपाची सेटिंग चढवून घेतली. टर्बोची शिट्टी ऐकून तो लहान मुलासारखा हसला होता.

इथून हप्ते सुरू झाले. पहिला हप्ता क्लचचा. जुनी प्लेट ३१० मिलिमीटर व्यासाची. नव्या इंजिनाची ताकद आकड्यात फार जास्त नव्हती, पण ती खालच्या फेऱ्यांतच येते. बिनटर्बोचं इंजिन चढावर हळूहळू जोर धरतं, टर्बोवालं एकदम खेचतं. प्लेट घसरू लागली, बालाघाट रस्त्यावर बाघ नदीच्या पुलाअलीकडे केबिनमध्ये जळका वास येऊ लागला. ३५२ ची प्लेट टाकायची ठरली. ३५२ ची प्लेट म्हणजे नुसती प्लेट नसते. प्रेशर प्लेट वेगळी, फ्लायव्हील वेगळं, बेल हाउसिंग वेगळं, आणि क्लच शाफ्टच्या आट्या जुळल्या पाहिजेत. आट्या जुळेनात. मग सेठला म्हटलं, आता हा बारा-दसचा बॉक्सच काढू. सोला-तेराला जो येतो तो जीबीएस-४० बसवू. त्यातला 'एस' सिंक्रोचा.

बॉक्स आला, तोही टाटीबंधहूनच, पूर्ण उघडून नव्याने भरलेला. भरण्याचं काम मी स्वतः केलं, कारण बाजारात भरून मिळणाऱ्या बॉक्समध्ये शिम किती टाकल्या याची चौकशी कोणी करत नाही. बेअरिंगला किती मोकळीक ठेवायची हे शिम ठरवते. कागदाएवढ्या पातळ पत्र्यावर सगळा बॉक्स उभा असतो. सगळ्यात आवडीचं काम पितळी रिंगांचं. सिंक्रो म्हणजे शेवटी एवढंच. गिअरच्या अंगावर पोलादी कोन, त्यावर पितळी रिंग. लिव्हर ढकलला की आधी रिंग कोनावर घासते आणि दोघांचा वेग एक करते, मग स्लीव्हचे दात सरकून बसतात. जुळेपर्यंत रिंग स्लीव्हला आडवी येऊन थांबवून धरते. म्हणजे डबल क्लचमध्ये ड्रायव्हरचा कान आणि पाय मिळून जे करत, ते आता तळहातभर पितळ करतं. ही कल्पना १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकच्या मोटारीत पहिल्यांदा आली. आमच्या ट्रकांपर्यंत यायला तिला अर्ध्या शतकाहून जास्त लागलं.

गाडीवरचा ड्रायव्हर सालेकशाकडचा, जुन्या बॉक्सवर मुरलेला. नव्या बॉक्सवर एक चक्कर मारून आला आणि इंजिन बंद न करताच खाली उतरला.

"मिस्त्री, हा गिअर तं पोट्टंबी टाकंन."

"मग बरंच आहे की."

"बरं काहून? मंग सेठ मले कायले ठेवंन जी?"

मला हसू आलं, त्याला आलं नाही. तो त्यानंतरही सवयीने डबल क्लच मारत राहिला. त्याने सिंक्रोचं नुकसान होत नाही, उलट रिंगा जास्त दिवस टिकतात. त्याच्या हाताखालच्या पोरांनी मात्र लिव्हर दाबून धरायचा आणि रिंगेनं काय ते बघावं असा कारभार चालवला. त्या रिंगा लवकर गुळगुळीत झाल्या. आणखी एक गोष्ट तेलाची. डिफरन्शियलला लागणारं ९० नंबरचं कडक तेल स्वस्तात पिंपाने आणून मालक तेच बॉक्समध्येही ओतत. त्यातल्या गंधकाच्या मसाल्याने क्राउन-पिनिअनचं रक्षण होतं, पण पितळ काळं पडून खाल्लं जातं. सिंक्रोच्या बॉक्सला ८० नंबरचं, कमी मसाल्याचं तेल हवं. जुना बॉक्स काहीही पिऊन चालायचा. नवा बॉक्स ड्रायव्हरचं काम करतो, म्हणून त्याचं खाणंपिणंही सांभाळावं लागतं. हे गणित मालकांच्या गळी उतरायला किती हंगाम गेले ते विचारू नका.

याच काळात माझ्या भाच्याचे अमेरिकेहून फोन सुरू झाले. बहीण आमगावला दिलेली, तिचा हा मुलगा. पुण्यात इंजिनिअर झाला आणि इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी नोकरीला गेला. कमिन्सचं मूळ गाव तेच, १९१९ सालापासून. पुण्याच्या कोथरूडला १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स निघाली, तेव्हापासून आपल्याकडच्या पोरांना त्या गावाची वाट माहीत झाली असावी. तिथे त्याने एक जुनी पिकअप घेतली, १९९७ ची डॉज. एका रविवारी फोनवर ओरडतच म्हणाला, "मामा, आपल्या सोला-तेराचं इंजिन आहे हिच्यात!"

खरंच होतं ते. ५.९ लिटर, ६ सिलिंडर, तोच ब्लॉक. डॉजने १९८९ पासून पिकअपला हे डिझेल इंजिन द्यायला घेतलं होतं. इथे ज्या इंजिनावर आम्ही १६ टन ओढतो, ते तिथे भाजी आणायला जातं, असं मी त्याला चिडवलं. तो भाजीपुरता थांबणारा नव्हता. त्यानेही आमच्या सेठसारखंच केलं, पंप चढवला, मागे ट्रेलर लावून त्यावर मित्राचा ट्रॅक्टर नेऊ लागला. पुढचा फोन पडलेल्या आवाजात.

"मामा, क्लच जळला."

"प्लेट बदल."

"प्लेट नाही मामा, ऑटोमॅटिक आहे. आतले क्लच जळले. तेल काळं झालंय."

तेव्हापासून आमची शिकवणी उलटी-सुलटी चालू झाली. त्याने मला ऑटोमॅटिक शिकवला. इंजिनामागे क्लचच्या जागी तेलाने भरलेलं बंद भांडं असतं, टॉर्क कन्व्हर्टर. आत पात्यांची दोन चाकं समोरासमोर. इंजिनाकडचं चाक तेल फेकतं, बॉक्सकडचं ते झेलून फिरतं. मध्ये तिसरं छोटं चाक परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतं, त्यामुळे गाडी उठताना जोर वाढतो. हेरमान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली ही युक्ती जहाजांसाठी काढली होती. त्यामागे गिअर आहेत ते एकमेकांभोवती फिरणारे, कायम दातांत दात घातलेले. कुठलं चाक धरून ठेवायचं आणि कुठलं सोडायचं, एवढ्यावर गिअर बदलतो. धरण्याचं काम तेलाच्या दाबावर चालणाऱ्या लहान लहान क्लचप्लेटींच्या गड्ड्या आणि पोलादी पट्टे करतात. कधी धरायचं हे ठरवते व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे बोटाएवढ्या व्हॉल्व्हांनी, स्प्रिंगांनी आणि वाटांनी भरलेला एक ॲल्युमिनियमचा ठोकळा. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्डस्मोबीलमध्ये 'हायड्रामॅटिक' दिला, तेव्हापासून अमेरिकन माणसाच्या डाव्या पायाला सुट्टी आहे.

भाच्याने तो बॉक्स एकदम नवा घेतला नाही. पैशाचाही प्रश्न होता, पण मला वाटतं त्याला आत हात घालायचा होता. मी म्हटलं, आधी तेल थंड कर. कुठलाही बॉक्स असो, आधी उष्णता मारते आणि मग वजन. त्याने मोठा कूलर लावला, तापमानाचा काटा बसवला. मग व्हॉल्व्ह बॉडी बदलून दाब वाढवला, म्हणजे आतल्या प्लेटी लोळत लोळत न धरता घट्ट धरतात. मग कन्व्हर्टर बदलला. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत जोर देतं, त्याला कमी फेऱ्यांतच पकडणारा कन्व्हर्टर हवा. शिवाय मोठ्या रस्त्यावर तेलातली घसरण थांबावी म्हणून कन्व्हर्टरच्या आतच एक लॉक करणारा क्लच असतो. तो एका प्लेटीचा होता, त्याने तीन प्लेटींचा घेतला. आता सगळं घट्ट झालं. इनपुट शाफ्टला पीळ पडला.

"मामा, शाफ्टपण जाड पोलादाचा टाकला. आता पुढे काय तुटेल?"

"तू काय काय जाड केलंस ते सांग. उरलं असेल ते सांगतो."

इंजिन आणि कन्व्हर्टर यांना जोडणारी पातळ पोलादी तबकडी उरली होती. तिला तडे गेले.

मला हे सांगायला ज्योतिषाची गरज नव्हती, कारण तेव्हा माझ्या पुढ्यातही तेच चाललं होतं. सेठच्या गाडीचा क्लच मोठा झाला, बॉक्स मजबूत झाला, तेव्हा बॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस जाऊ लागला. क्रॉस बदलले, सेंटर बेअरिंग बदललं, तर क्राउन-पिनिअनचे दात उडाले. जोर कुठेतरी बाहेर पडणारच. एक दार बुजवलं की तो पुढचं शोधतो. क्राउनच्या वेळी सेठला हौस आली की गाडी पळाली पाहिजे. आमच्याकडे क्राउन आकड्याने मागतात. 'सहा-एक्केचाळीस' म्हणजे पिनिअनला ६ दात आणि क्राउनला ४१. जोर जास्त, पळ कमी. 'सात-एक्केचाळीस'ला पळ जास्त. सेठला सात-एक्केचाळीस हवा होता. मी म्हटलं, तुमचा माल धानाचा, तुमचा रस्ता पांदणीतून निघून मिलीपर्यंत आणि तिथून रायपूर. पळून काय मिळवणार? ड्रायव्हर माझ्या बाजूने बोलला, तेव्हा कुठे सहा-एक्केचाळीस बसला.

खरी खडाजंगी झाली ती बटन क्लचवर. साध्या प्लेटीच्या तोंडाला मळलेला माल असतो. जोर जास्त झाला की ती घसरते, तापते, वास देते, जळते. बटन क्लचला सिरॅमिकचे चकतीसारखे तुकडे असतात, ते घसरत नाहीत, एकदम पकडतात. प्लेट जळण्याचा कंटाळा आलेल्या सेठला हे ऐकून आनंद झाला. मी नाही म्हणालो. घसरणारी प्लेट चिखलातून गाडी निघताना झटका स्वतः खाते. बटन प्लेट तो झटका जसाच्या तसा मागे पाठवते, क्लच शाफ्टला, गिअरच्या दाताला, क्राउनला. तुटायचंच असेल तर ते कुठे तुटावं, हे मिस्त्रीने आधी ठरवून ठेवायचं असतं. क्लच प्लेट रस्त्याच्या कडेला अर्ध्या दिवसात बदलते, मेन शाफ्ट बदलत नाही. घरात फ्यूजच्या जागी कोणी जाड तार बांधली तर दिवे जात नाहीत, हे खरं. सेठला हे पटलं असं मी म्हणणार नाही, पण त्याने त्या वर्षी ऐकलं.

बूस्टरची गोष्ट छोटी आहे. मोठ्या क्लचची स्प्रिंग कडक, गोंदियाच्या रेल्वे फाटकाच्या गर्दीत ड्रायव्हरचा गुडघा भरून यायचा. म्हणून हवेवर चालणारा क्लच बूस्टर बसवला. पाय नुसता ठेवायचा, दाबण्याचं काम ब्रेकच्या टाकीतली हवा करते. डाव्या पायाचं कामही निम्मं गेलं. बिघाड तिथेही सरकला. रोज सकाळी टाकीतलं पाणी न काढणाऱ्याच्या बूस्टरमध्ये पाणी जातं आणि आतलं रबर फुगतं. पाय भरून आला की ड्रायव्हरला लगेच कळायचं. रबर फुगतंय हे क्लच अर्धवट सुटू लागेपर्यंत कोणाला कळत नाही.

मग खरे ऑटोमॅटिक आले, म्हणजे आमच्या भाषेतले. तिरोड्याच्या वीज केंद्राची राख नेणारे बल्कर, रस्त्यांच्या कामांवरचे मोठे टिपर, यांतल्या काहींत क्लचचं पेडलच नाही. एएमटी म्हणतात. भाच्याच्या गाडीतल्या तेलाच्या भांड्याशी याचा संबंध नाही. आत तीच कोरडी क्लच प्लेट, तेच गिअर. फक्त क्लच दाबायला आणि फोर्क सरकवायला हवेचे सिलिंडर, आणि त्यांना हुकूम द्यायला संगणक. चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीत माझ्या ओळखीचा मिस्त्री डंपरांवर आहे. त्याच्याकडे व्होल्वोचा उघडलेला आय-शिफ्ट बॉक्स पाहायला मिळाला. बारा गिअरचा, २००१ साली पहिल्यांदा आलेला. मी सवयीने पितळी रिंगा शोधू लागलो. मुख्य गिअरांना रिंगाच नव्हत्या. नुसते दात, आमच्या बारा-दससारखे. संगणक इंजिनाचा वेग चढवतो, उतरवतो, ले शाफ्टला छोटा ब्रेक लावतो, वेग जुळला की दात दातात सोडतो. म्हणजे डबल क्लच. साठ वर्षांपूर्वी मासुलकसाच्या चढावर आमचे ड्रायव्हर जे करत होते, तेच, जरा जास्त नेमकेपणाने. सालेकशाच्या ड्रायव्हरला मी हे सांगितलं तेव्हा त्याला पहिल्यांदा त्या यंत्राबद्दल आदर वाटला. "मंग बराबर आहे," म्हणाला.

आदर मलाही वाटतो. या गाड्यांचा क्लच जास्त टिकतो, कारण संगणक कंटाळत नाही आणि लिव्हरवर हात ठेवून झोपत नाही. लिव्हरवर कायम हात ठेवल्याने फोर्क झिजतात, हे मी पोरांना सांगून थकलो. पण पेचकस कानाला लावून या गाडीत काही ऐकू येत नाही. गाडी उभी राहते, पॅनेलवर एक आकडा येतो, आणि तो आकडा वाचणारी पेटी नागपूरला असते. माझ्याकडे गोंदियाच्या आयटीआयमधून मेकॅनिक डिझेल करून आलेला एक पोरगा आहे, त्याला आता असे आकडे वाचता येतात. एकदा आकडा बॉक्सचा आला आणि दोष हवेच्या नळीत निघाला. उंदराने कुरतडलेली होती. तो दोष शोधला पोराने नाही, मीही नाही. गाडी उभी असताना सुस्स आवाज येतो म्हणून चहावाल्याने दाखवला.

२०१८ साली सरकारने एक्सलवरचा भार वाढवायला मुभा दिली, २५ टनांच्या गाड्या २८ टनांच्या झाल्या. कंपन्यांनी नव्या गाड्यांत त्याप्रमाणे सगळं बदललं असेल. जुन्या गाड्यांच्या मालकांनी बदलला तो फक्त माल. त्या हंगामात माझ्याकडे क्रॉस आणि क्राउनचीच कामं जास्त आली, आणि प्रत्येक मालकाला वाटे की आपल्या गाडीचा क्रॉस नकली निघाला.

सेठच्या मुलाने शेवटी जुनी १६१२ भंगारात काढली. चासीला जागोजागी पट्ट्या मारलेल्या होत्या, तिच्यात काही राहिलं नव्हतं. बॉक्स मात्र मी विकत घेऊन ठेवला. उघडून पाहिला तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या रिंगा सोडल्या तर बाकी सगळं माझ्या हातचं, जसं भरलं होतं तसं. दोन रिंगा नव्या टाकल्या आणि देवरीच्या एका वीटभट्टीवाल्याच्या गाडीत तो बसवून दिला. त्याच्या गाडीला सात-एक्केचाळीसचा क्राउन आहे. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "मिस्त्री, बटन क्लच लावता का?" मी नाही म्हटलं, सगळं समजावूनही सांगितलं. तो "हव, हव" म्हणत ऐकून घेऊन गेला आणि दुसरीकडून लावून आला. त्याच्या क्रॉसची ऑर्डर मी आताच नागपूरला देऊन ठेवली आहे.